बावीस मे 1984 चं टिपण

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ, ओहायो नदीकाठी, ड्युपाँटचा टेफ्लॉनचा कारखाना होता. नॉनस्टिक तव्यावर बसणारं हे टेफ्लॉन बनवायला तिथे 1951 पासून पीएफओए हे रसायन वापरत. कारखान्यात त्याला 'सी-8' म्हणत. निसर्गात ते मोडत नाही, माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं राहतं. कंपनीला काय, कधी ठाऊक होतं हे आज सांगता येतं, कारण विल्बर टेनंट या शेतकऱ्याची गुरं मेली आणि त्याचे वकील रॉब बिलॉट यांनी कोर्टाकरवी कंपनीची लाखभर पानं बाहेर काढली.

1961 मध्येच कंपनीच्या विषशास्त्रज्ञ डोरोथी हूड यांनी लिहून ठेवलं होतं की, यानं प्राण्यांचं यकृत वाढतं, तेव्हा हाताळताना पराकाष्ठेची काळजी घ्या. 1981 चा एक तक्ता आहे, कारखान्यातल्या गरोदर स्त्रियांचा. सात बाळंतपणं; दोन बाळांच्या डोळ्यांत दोष. सातांवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि उंदरांच्या ज्या प्रयोगावरून ही तपासणी सुरू झाली त्याचा निष्कर्षही पुढे मागे घेतला गेला. पण रसायन आईकडून गर्भात उतरतं, एवढं त्या रक्ततपासणीत दिसलं होतं. सरकारला ते कळवलं गेलं नाही.

1984 मध्ये कंपनीनं माणसं पाठवून आसपासच्या दुकानांतल्या नळांचं पाणी गुपचूप भरून आणवलं. लुबेक आणि नदीपलीकडच्या लिटल हॉकिंगच्या पाण्यात सी-8 निघालं. मग 22 मेला विल्मिंग्टनच्या मुख्यालयात बैठक झाली. तिच्या टिपणात दोन गोष्टी आहेत. वैद्यकीय आणि कायदा विभाग बहुधा वापर पूर्ण बंद करा म्हणतील, असा अंदाज. आणि मागच्या 32 वर्षांची जबाबदारी तर आपल्यावर आहेच, हा हिशेब. माझ्या मते अज्ञानाचा बचाव या दुसऱ्या वाक्यातच संपतो. वापर चालू राहिला.

लुबेकच्या ग्राहकांना पाण्यातल्या पीएफओएबद्दल पत्र गेलं ते 2000 च्या ऑक्टोबरात, तेही धोका नाही अशा आश्वासनासह. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीनं नेमलेल्या शास्त्रज्ञांनी सुमारे 69,000 लोकांची माहिती अभ्यासली आणि 2012 पर्यंत सहा विकारांशी संभाव्य संबंध नोंदवला. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग त्यात आहेत. माहिती दडवल्याचं सरकारी प्रकरण त्याआधी, 2005 मध्येच, 1 कोटी 65 लाख डॉलरवर मिटलं होतं. कंपनीनं दोष कबूल केला नाही.