संत लुई मार्टिन यांचा स्मृतिभ्रंश

बाळ येशूची संत तेरेजा आपल्या घराघरांत परिचित आहे. तिच्या पित्याच्या उतारवयाची कहाणी मात्र क्वचितच सांगितली जाते.

फ्रान्समधील लिझ्यू येथे राहणारे लुई मार्टिन हे पूर्वाश्रमीचे घड्याळजी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांची स्मृती ढळू लागली. जून १८८८ मध्ये ते कोणास न सांगता निघून गेले व काही दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. अखेर १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ शहरातील धर्मभगिनींच्या मनोरुग्णालयात ठेवणे भाग पडले. मुली मठात गेल्या म्हणूनच बापाची ही गत झाली, अशी कुजबुज गावात झाली. कार्मेल मठातील तेरेजेने हे दुःख मूकपणे सोसले. सेलिन व लेओनी या बहिणी तर काही महिने रुग्णालयाजवळच राहिल्या. भान असे तेव्हा लुई तेथील प्रार्थनामंदिरात जात, ख्रिस्तशरीर स्वीकारीत. मे १८९२ मध्ये ते घरी परतले. २९ जुलै १८९४ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत सेलिनने त्यांची शुश्रूषा केली.

पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई व त्यांच्या पत्नी झेली यांना संतपद बहाल केले. मनोरुग्णालयातील ती तीन वर्षे त्या संतपणाच्या आड आली नाहीत.

आपल्या घरातही एखादी आजी रोझरीचे शब्द विसरते, लेकाला ओळखत नाही. तिची श्रद्धा संपली असे आपण मानू नये. तिच्याजवळ बसून तिच्या वतीने रोझरी म्हणावी. आणि तिला संस्थेत ठेवावे लागलेल्या कुटुंबाला दोष देऊ नये.