धूर, मिरची आणि डुक्कर: पार्टीतल्या एका घासाचा इतिहास

इयरफोन नीट लावा, कारण आजचा भाग तिखट आहे. आणि अजून जेवला नसाल तर आधीच सांगतो, पुढची दहा मिनिटं जरा अवघड जातील.

अमेरिकेतलं टेक्सास राज्य. रविवारची दुपार. टीव्हीवर त्यांचं ते फुटबॉल चालू आहे, ज्यात बॉल पायापेक्षा हातातच जास्त असतो. मागच्या अंगणात लोखंडी स्मोकर, त्यातून निळसर धूर. आत जाळीवर वीस-पंचवीस मिरच्या ओळीने मांडल्यात. अंगठ्यापेक्षा जाड, हिरव्यागार. पोटात क्रीम चीज भरलेलं, अंगाभोवती बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची पातळ पट्टी गुंडाळलेली, आणि ती सुटू नये म्हणून टूथपिक टोचलेली. दोन तासांनी पाहुणे येतात आणि जेवणाआधीच ताट रिकामं होतं.

या पदार्थाचं सभ्य नाव ‘हालापेन्यो पॉपर’. बार्बेक्यूवाल्या मंडळींनी ठेवलेलं नाव मात्र ‘अ‍ॅटॉमिक बफेलो टर्ड्स’. मराठीत सांगायचं तर अणुशक्तीवाल्या रानगव्याच्या लेंड्या! धुरात काळपट-तपकिरी झालेल्या मिरच्या बघितल्या की नाव का पडलं ते कळतं. चव नावासारखी नाही, एवढं नक्की.

आता गंमत बघा. या घासात चार गोष्टी आहेत: मिरची, धूर, डुक्कर आणि चीज. पार्टीसाठी म्हणून यातली एकही जन्माला आलेली नाही. धूर, मीठ आणि चीज ही अन्न नासू नये म्हणून माणसाने केलेली धडपड आहे. आणि मिरचीचा तिखटपणा? तो तर आपण तिला खाऊ नये म्हणूनच होता.

मिरची: पक्ष्यांसाठी, आपल्यासाठी नाही

मिरचीचा जाळ ज्या रसायनामुळे होतो, त्याचं नाव कॅप्सेसिन. सस्तन प्राण्यांच्या तोंडात ते आग लावतं, पक्ष्यांना मात्र जाणवतही नाही. झाडाचा हिशोब सरळ आहे. प्राणी बी चावून टाकतात, पक्षी अख्खी गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. म्हणजे तिखटपणा ही ‘तू नको, तो चालेल’ अशी पाटी होती. ती पाटी वाचूनही जो प्राणी पुन्हा पुन्हा आला, तो माणूस.

मेक्सिकोत माणसाने मिरचीची लागवड सुरू केली त्याला सहा हजार वर्षं तरी झाली. आपली आजची नायिका हालापेन्यो तिथलीच. व्हेराक्रूझ प्रांताची राजधानी हालापा, तिथली ती हालापेन्यो. जसं कोल्हापूरचं ते कोल्हापुरी. खुद्द हालापा हे नाव नाहुआत्ल भाषेतलं, म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेतलं. त्याचा अर्थ साधारण ‘वाळूतलं पाणी’. मध्य मेक्सिकोत याच मिरचीला ‘कुआरेस्मेन्यो’ असंही म्हणतात. कुआरेस्मा म्हणजे ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, त्यात मांस वर्ज्य. ज्या मिरचीचं नाव उपवासावरून, तीच आज डुकराच्या मांसात गुंडाळली जाते!

आणि ‘मिरची’ हा आपला शब्द? कोलंबस निघाला होता मिरी शोधायला. कॅरिबियन बेटांवर त्याला तिखट फळ मिळालं आणि स्पॅनिश लोकांनी त्याला मिरीचंच नाव चिकटवलं. पुढे पोर्तुगीज जहाजांतून हे फळ गोव्याला उतरलं, तेव्हा आपणही तेच केलं. मिरीसारखी तिखट, म्हणून मिरची. मुंबईकडे एकेकाळी तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. शिवकाळाच्या शेदीडशे वर्षं आधीपर्यंत इथल्या एकाही रश्शात मिरची नव्हती. हे वाक्य पुढच्या तांबड्या रश्श्याच्या वेळी मित्रांना ऐकवा.

धूर: जाड सालीचा प्रश्न

आपल्याकडे मिरची टिकवायची कशी? उन्हात टाकायची. लाल मिरच्या अंगणात पसरायच्या. नाहीतर सांडगी मिरची करायची: चिरून मसाला भरायचा, मीठ-दह्यात मुरवायची आणि कडक वाळवायची. आपल्या मिरच्या पातळ, त्यामुळे ऊन पुरतं.

हालापेन्यो जाड आणि रसाळ. ती उन्हात टाकली तर वाळायच्या आधी सडते. मेक्सिकोतल्या लोकांनी यावर उपाय काढला तो धुराचा. पिकून लाल झालेली मिरची बंद जागेत मंद धुरावर काही दिवस ठेवायची. पाणी उडून जातं आणि धुरातली द्रव्यं बुरशीला लांब ठेवतात. साधारण दहा किलो ओल्या मिरचीतून किलोभर वाळकी निघते. तिचं नाव चिपोत्ले. नाहुआत्लमध्ये ‘चिल्ली’ म्हणजे मिरची आणि ‘पोक्त्ली’ म्हणजे धूर. त्याच नावाची अमेरिकन रेस्टॉरंटची साखळी तुम्हाला माहीत असेल. शब्द मात्र कंपनीपेक्षा शेकडो वर्षांनी मोठा आहे.

१६ व्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने अ‍ॅझ्टेक जीवनाची मोठी नोंद करून ठेवली. त्यात बाजारातल्या मिरची विकणाऱ्याचं वर्णन आहे आणि त्याच्या मालाच्या यादीत धुरावलेली मिरचीही आहे. म्हणजे टेक्सासच्या अंगणात मिरची धुरावर ठेवणारा माणूस नवीन काही करत नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्दसुद्धा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या ‘बार्बाकोआ’वरून आला. बार्बाकोआ म्हणजे लाकडी काठ्यांचा मांडव, ज्यावर मांस मंद आचेवर ठेवायचे.

डुक्कर आणि चीज: बोटीतून आलेले पाहुणे

अमेरिका खंडात पाळीव डुक्कर नव्हतं. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्याच्या जहाजांतून डुकरं गेली. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडात उतरला, तोही डुकरांचा कळप घेऊनच. डुक्कर काहीही खातं, भराभर वाढतं आणि त्याचं मांस मीठ-धुरात महिनोन्‌महिने टिकतं. फ्रिज नसलेल्या जगात यापेक्षा सोयीचं काय असणार?

पण मिरचीला गुंडाळायला पट्टी लागते, आणि ती एकसारखी पातळ लागते. ऑस्कर मायर कंपनीने १९२४ मध्ये कापलेलं, पाकीटबंद बेकन बाजारात आणलं. तोवर बेकनचा तुकडा घ्यायचा आणि सुरीने कापायचा. त्याच दशकात एडवर्ड बर्नेज या जाहिरातगुरूने एका बेकन कंपनीसाठी डॉक्टरांची मतं गोळा केली आणि ‘भरपेट नाश्ता चांगला’ अशी हवा केली. नाश्त्याला बेकन-अंडी ही अमेरिकेची ‘परंपरा’ घट्ट झाली त्यात या मोहिमेचा मोठा हात आहे. शेअर मार्केटवाल्यांसाठी एक जादा माहिती: १९६१ ते २०११ अशी पन्नास वर्षं शिकागोच्या बाजारात डुकराच्या गोठवलेल्या पोटाच्या मांसाचे, म्हणजे बेकनच्या कच्च्या मालाचे, वायदे चालायचे!

क्रीम चीज हे अमेरिकेतलंच. १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने दुधात जादा साय घालून ते करायला सुरुवात केली. १८८० मध्ये त्याला ‘फिलाडेल्फिया’ हे नाव मिळालं, कारण चांगल्या दुधालोण्यासाठी त्या शहराचं नाव होतं. चीज मात्र तिथलं नव्हतं.

स्टेडियमपासून फ्रीझरपर्यंत

पोट चिरून मिरची भरणं मेक्सिकोत जुनंच. ‘चिलेस रेयेनोस’ म्हणजे शब्दशः भरल्या मिरच्या. आपल्या भरल्या मिरचीची लांबची बहीणच म्हणा. मग अमेरिकन माणसाला हालापेन्योची गोडी कुठे लागली? एक मोठं उत्तर आहे नाचोज. १९४० च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया यांनी अचानक आलेल्या गिऱ्हाइकांसाठी तळलेल्या तोर्तियावर चीज आणि हालापेन्यो घालून दिली. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून पदार्थ नाचोज. १९७६ मध्ये फ्रँक लिबेर्तो यांनी टेक्सासच्या आर्लिंग्टन स्टेडियममध्ये पातळ चीज सॉसवाले नाचोज विकायला काढले. सोबत हालापेन्यो होतीच. मॅच, चीज आणि ही मिरची असं त्रिकूट तिथे जमलं.

१९९० च्या दशकात विस्कॉन्सिन या दुधाच्या राज्यातली अँकर फूड प्रॉडक्ट्स ही कंपनी चीज भरलेली, पिठात बुडवलेली गोठवलेली हालापेन्यो देशभर विकत होती. ‘पॉपर्स’ हा शब्द तिने ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतला. तळणीचा पॉपर हा असा बारमधून आणि फ्रीझरमधून पसरला. अंगणात स्मोकर असणाऱ्यांनी पिठाच्या जागी बेकन आणि तेलाच्या जागी धूर आणला, आणि मिरची फिरून धुराकडे आली.

कृती, पण कारणांसकट

मिरची उभी चिरा, देठ राहू द्या. आतली पांढरी शीर चमच्याने खरवडून काढा. खरा जाळ त्या शिरेत असतो. बी तिला चिकटलेली असते म्हणून बदनाम होते. हातमोजे घाला, नाहीतर नंतर डोळा चोळलात की आठवण राहील.

आत क्रीम चीज आणि किसलेलं चेडर भरा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. शिवाय दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला जिभेवरून उचलून नेतं. म्हणून तिखट लागल्यावर पाणी नको, दही-ताक हवं. पॉपरमध्ये विष आणि उतारा एकाच घासात आहे, तो असा.

बेकनची अर्धी पट्टी ताणून गुंडाळा, टूथपिक लावा. स्मोकर ११० ते १२० अंश सेल्सिअसवर ठेवा आणि दीड ते दोन तास वाट बघा. लाकूड हिकरीचं किंवा सफरचंदाचं. मेस्कीटचा धूर उग्र असतो, तो जपून. मिरच्या थंड आणि ओलसर असतानाच आत ठेवा, कारण धूर तशा पृष्ठभागावर चांगला बसतो. मंद आचेवर बेकनची चरबी हळूहळू सुटते आणि मिरचीत मुरते. कुरकुरीत हवं असेल तर शेवटी आच वाढवा. एवढंच.

मग तिखट गेलं कुठे?

आता कळीचा मुद्दा. हल्ली अमेरिकेत एक तक्रार वारंवार ऐकू येते: हालापेन्यो पूर्वीसारखी तिखट लागत नाही.

तिखटाचं माप १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने काढलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करायचा की चाखणाऱ्याला जाळ जाणवू नये. किती पट पातळ करावा लागला, तो आकडा. हालापेन्योचा आकडा २,५०० ते ८,००० मध्ये. आपली लवंगी याच्या कितीतरी पुढे.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात बेनिग्नो व्हियालोन हे शास्त्रज्ञ मिरचीच्या रोगांवर काम करत होते. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात विषाणू पिकं उद्ध्वस्त करत होते, त्यांना तोंड देईल असं वाण हवं होतं. या कामातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक सौम्य हालापेन्यो आली. साल्सा करणाऱ्या कंपन्या खूश झाल्या. का? कारण कारखान्याला प्रत्येक बाटली सारखी लागते. मिरचीचा जाळ वाणावर, पाण्यावर आणि उन्हावर बदलतो. झाडाला पाण्याचा ताण पडला की तिखटपणा वाढतो. त्यापेक्षा मिरची सौम्य घ्यायची आणि जाळ वेगळा, मिरचीच्या अर्कातून, मोजून घालायचा. ‘माइल्ड’, ‘मीडियम’, ‘हॉट’ या लेबलांमागची सोय ही.

यात कुणी खलनायक नाही. शेतकऱ्याचं पीक वाचलं, आणि जाळाला घाबरणारे लाखो लोक मिरची खायला शिकले. पण जो जाळ झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी कमावला आणि मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून जपला, तो आता बाटलीतून वरून ओतण्याची गोष्ट झाला. १९९५ मध्ये टेक्सासने हालापेन्योला राज्याची अधिकृत मिरची केलं. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, चिल्तेपीन या मटाराएवढ्या रानटी मिरचीलाही मान दिला, ‘मूळची स्थानिक मिरची’ म्हणून. ती आजही पक्षीच पेरतात, आणि तिला सौम्य व्हायला कुणी सांगितलेलं नाही.

तर पॉपर करायचा असेल तर जुने जाणकार सांगतात तसं करा: बाजारात मिरचीच्या सालीवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात का बघा. त्या वयाच्या आणि ताणाच्या खुणा, म्हणून तशी मिरची तिखट निघण्याची शक्यता जास्त. खात्री कुणीच देणार नाही.

आणि हो, तुमच्या घरी सांडगी मिरची कोण करतं, त्यात काय काय भरतात, तो व्हॉइस मेसेज करून आम्हाला नक्की पाठवा. आई-आज्जीच्या आवाजात असेल तर अजून उत्तम. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, खात राहा, आणि ताक जवळ ठेवा!