वर्तुळाच्या जवळ जाताना

वर्तुळात बहुभुजाकृती बसवायची आणि तिच्या बाजू वाढवत न्यायच्या, ही युक्ती फार जुनी. आर्किमिडीजने 96 बाजूंपर्यंत जाऊन ‘पाय’ची किंमत दोन मर्यादांमध्ये पकडली. बाजू वाढल्या की चूक घटणारच, यावर शंका कोण घेईल?

इव्हो बाबुश्का यांनी घेतली. 1926 साली प्रागमध्ये जन्मलेले बाबुश्का आधी स्थापत्य अभियंते, मग गणिती. 1950 च्या दशकात व्ल्टावा नदीवर ओर्लिक धरण उभे राहत होते. काँक्रीट घट्ट होताना तापते आणि निवताना तडकू शकते. त्या उष्णतेचे गणित त्यांच्या गटाने केले. पुढच्या दशकात त्यांनी एक साधासा प्रश्न हाती घेतला. कडेवर नुसता टेकवलेला गोल पत्रा, वर सगळीकडे सारखा भार. वर्तुळाऐवजी बहुभुजाकृती धरली आणि बाजू वाढवत नेल्या, तर उत्तर स्थिरावते खरे, पण भलत्याच जागी! पोलादी पत्र्याचा मधला बाक खऱ्यापेक्षा सुमारे 26 टक्के कमी येतो. गोम कोपऱ्यांत आहे. टेकलेल्या सरळ बाजूला लांबीच्या दिशेने उतार येऊ शकत नाही. कोपऱ्यात अशा दोन दिशा मिळतात, म्हणून तिथे पत्रा कुठेच झुकत नाही. बाजू वाढवा, कोपरे वाढतात, पत्रा उगाच ताठ राहतो.

शब्दागणिक मूळ संहितेला चिकटत गेलेला माझा एखादा मसुदा असाच ताठ झालेला मी पाहिला आहे. उपमा फार ताणत नाही. बिघडलेल्या अनुवादाने काही बुडत नाही.

सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले त्या 1968 सालीच बाबुश्का अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात गेले. अभियंते तोवर ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत सर्रास वापरू लागले होते: वस्तूचे लहान तुकडे पाडायचे आणि संगणकाला उत्तर विचारायचे. त्या उत्तरावर विसंबायचे कितपत? 1978 मध्ये वर्नर राइनबोल्ट यांच्यासह बाबुश्कांनी, हाती आलेल्या उत्तरातूनच त्यातली चूक अजमावण्याची रीत मांडली.

तरीही 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्टावांगरजवळ ‘स्लाइप्नर ए’ या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीत बुडाला. संगणकी गणिताने भिंतींतला कर्तन-ताण 47 टक्के कमी दाखवला होता. नंतर काळजीपूर्वक केलेल्या त्याच पद्धतीच्या गणितात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे आले. ती 65 मीटरवर फुटली होती.