कॉर्कचे गणिताचार्य

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क शहरी, १८४५ साली स्थापन होऊन १८४९ साली विद्यार्थ्यांस खुल्या झालेल्या क्वीन्स कॉलेजाने, म्हणजेच आजच्या कॉर्क विद्यापीठाने, गणिताच्या पहिल्या प्राध्यापकपदी ज्या जॉर्ज बूल यांची नेमणूक केली, ते लिंकन येथील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र असून त्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. कागदापेक्षा विद्वत्तेची पारख करणाऱ्या त्या निवडीविषयी मला नितांत आदर वाटतो. येथे असतानाच, १८५४ साली, विचाराच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांनी तर्कशास्त्राला बीजगणिताची भाषा दिली, आणि पुढे संगणकाची रचना याच पायावर उभी राहिली. त्यांच्या पत्नी मेरी या, हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास ज्यांचे नाव मिळाले त्या हिंदुस्थानच्या सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. १८६४ च्या नोव्हेंबरात बूल घरून पायी कॉलेजास निघाले, वाटेत पावसाने चिंब भिजले, आणि ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी व्याख्यान दिले. त्यातून जडलेल्या फुफ्फुसविकाराने, पन्नाशीही न गाठता, ८ डिसेंबरला ते निवर्तले. मागे पत्नी व पाच मुली राहिल्या. कॉलेजाच्या सभागृहात त्यांच्या स्मरणार्थ बसविलेली रंगीत काचेची खिडकी आजही आहे.