पर्जन्याची वर्दी

पर्जन्याचे भाकीत वर्तविण्याचे सरकारी कार्य हिंदुस्थानात दुष्काळाच्या धाकातून जन्मास आले. 1864 साली कलकत्त्यावर कोसळलेले चक्रीवादळ आणि 1866 व 1871 सालची अवर्षणे यांनी सावध झालेल्या सरकारने 1875 साली हवामान खाते स्थापिले. पण त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांचा जम बसतो न बसतो तोच 1876-78 च्या दुष्काळाने दख्खनची दैना उडविली. हिमालयावर हिमवृष्टी अधिक झाली की पुढील पावसाळा दुबळा जातो, असा सिद्धांत मांडून ब्लॅनफर्ड यांनी प्रथम प्रयोगादाखल आणि 1886 पासून रीतसर अंदाज दिले. पुढे जॉन इलियट यांनी त्या अंदाजाचा व्याप वाढविला, तरी 1899 चे भीषण अवर्षण त्यांना आगाऊ दिसले नाही.

इलियट यांच्या जागी 1904 साली आलेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचा पूर्वसंस्कार नसलेल्या या गृहस्थाने जगाच्या कानाकोपऱ्यांतील वायुभार, तापमान व पर्जन्य यांचे आकडे मागवून, त्यांतील कोणत्या आकड्याचा आपल्या मोसमी पावसाशी काय अन्योन्यसंबंध आहे हे शोधण्याचा सपाटा लावला. यंत्रे नव्हती, खात्यातील हिंदी कारकुनांनी वर्षानुवर्षे कागदावर गुणाकार-भागाकार करून ते गुणक काढले. त्या परिश्रमातूनच प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराचे ते दोलन उजेडात आले, ज्याचे नाव आज एल निनोच्या जोडीने प्रत्येक अंदाजात घेतले जाते. वॉकर यांचे नाव विज्ञानात अमर झाले. कारकुनांची नावे मात्र कोणी घेत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

या गणिताचा कच्चा माल येई तो तालुक्याच्या कचेरीतून. मामलेदार कचेरीच्या आवारात, झाडांपासून व भिंतींपासून दूर, एक पर्जन्यमापक बसविलेला असे. रोज सकाळी ठरल्या वेळी कारकुनाने साठलेले पाणी काचेच्या मापात ओतावे, इंच आणि सेंट (इंचाचे शतांश) वाचावेत व नोंदवहीत चढवावेत, असा शिरस्ता होता. दुष्काळ जाहीर करावा की नाही, सारा तहकूब करावा की नाही, अशा सरकारी निर्णयांना या आकड्यांचा आधार लागे. अंदाजही प्रामुख्याने सरकारासाठीच असे. शेतकरी आपला मृग आणि आर्द्रा यांवर भरवसा ठेवून बसलेला.

1928 साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुणेकर शिवाजीनगरच्या त्या वास्तूला अद्यापि सिमला ऑफिस म्हणतात. तेथेच 1932 साली एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषिहवामानाची शाखा उघडली, आणि 1945 पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता प्रसृत होऊ लागल्या. तथापि 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी' ही भाषा ऐकून आपल्या शिवारात चाडे धरावे की थांबावे, याचा उलगडा माणच्या शेतकऱ्यास कसा व्हावा?

2025 च्या खरिपात या प्रश्नाला निराळे उत्तर मिळू लागले. केंद्रीय कृषी मंत्रालयाने गूगलचे न्यूरलजीसीएम व युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे आणि भारतीय हवामान खात्याच्या 125 वर्षांच्या पर्जन्यनोंदी यांचा मेळ घालून पावसाच्या आगमनाचे स्थानिक अंदाज सिद्ध केले आणि 13 राज्यांतील सुमारे 3 कोटी 88 लाख शेतकऱ्यांना ते मोबाईल संदेशाने, पाच भाषांतून, धाडले; त्यांत मराठी होती. अशी प्रारूपे एकदा शिकवून तयार झाली की महासंगणकाच्या अवाढव्य खर्चावाचून चालतात, हे गरीब राष्ट्रांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. परंतु त्याहूनही मोलाच्या मला त्या 125 वर्षांच्या नोंदी वाटतात. कचेरीतील त्या अनाम कारकुनाने भर पावसात जाऊन वाचलेला सेंट आज यंत्राच्या विद्येत सामावला आहे.

त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि नंतर त्याची वाटचाल सुमारे वीस दिवस खोळंबली. अशा फसव्या आरंभाला भुलून पेरा केला की दुबार पेरणी नशिबी येते, बियाणे जाते आणि सावकाराचे दार पुन्हा ठोठावावे लागते. ही खंडाची वर्दी आगाऊ मिळाली होती, असे सरकारचे म्हणणे आहे; मध्य प्रदेश व बिहार येथे दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीत 31 ते 52 टक्के शेतकऱ्यांनी त्यानुसार मशागतीत व पेरणीच्या वेळेत बदल केल्याचे आढळले. मुळात सरकारी दफ्तराकडे पाहणारे हे शास्त्र अखेर बांधावरच्या माणसाशी बोलू लागले, याचा मला यंत्राच्या कर्तृत्वापेक्षा अधिक आनंद आहे.

मात्र मोबाईल बहुधा घरातील पुरुषाच्या खिशात असतो आणि बी टोकणारे हात बव्हंशी बायकांचे असतात. शिवाय पाच भाषांच्या त्या यादीत हिंदी, ओडिया, मराठी, बंगाली आणि पंजाबी आहेत, नंदुरबारची भिली नाही, मेळघाटची कोरकू नाही आणि गडचिरोलीची गोंडीही नाही, आणि या तिन्ही मुलखांतील बरीचशी शेती निव्वळ पावसावर चालते.