शिसं गेलं, सोल्डर हट्टी झालं

आजची गोष्ट १ जुलै २००६ची. त्या दिवशी युरोपीय संघाचा रोह्स नियम लागू झाला आणि बहुतेक नव्या उपकरणांच्या सोल्डरमधून शिसं गेलं. कारण रास्त होतं: ई-कचऱ्यातलं शिसं माती-पाण्यात उतरतं. आपल्याकडे २०१२पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही शिशावर मर्यादा आली.

पण रिपेअरिंग अवघड झालं. जुनं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. नवं कथील-चांदी-तांब्याचं साधारण २१७ला. हातपंप लावेपर्यंत ते पुन्हा गोठतं. मग आपण जोर लावतो, पॅड उखडतो.

म्हणून डिसोल्डरिंग स्टेशन. त्याचं टोक पोकळ असतं. तापवणं आणि ओढणं एकाच वेळी होतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हार्डवेअरचं अनडू बटण!

फक्त निगा हवी. टोकाचं भोक गरम असतानाच तारेनं साफ करा, फिल्टर तुंबला की बदला, बंद करण्याआधी टोकाला ताजं सोल्डर लावा. जोड फारच हट्टी असेल, तर त्यात थोडं शिसंवालं सोल्डर मिसळा. मिश्रण लवकर वितळतं.

नियमानं कचऱ्यातलं शिसं कमी केलं. बोर्ड वाचवला, तर कचराच कमी होतो. ते काम आपलं.