भाजीच्या टोपलीतला इतिहास

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण आपल्या रोजच्या भाजीच्या टोपलीतही इतिहास भरलेला आहे, आणि तो वाचायला फार शिकलेले असावे लागत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण भाजी निवडण्या-चिरण्यात निम्मे आयुष्य गेले, त्या अधिकाराने हे चार शब्द लिहीत आहे.

इ. स. ११३० च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे मोठे वर्णन आहे. मिरे, हिंग, आले सारे आहे. पण मिरची, बटाटा, टोमॅटो नाही. असणार कोठून? ही सर्व मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि पुढे युरोपियनांच्या गलबतांतून या भाज्या एकेक करून आपल्या देशात उतरल्या. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. मिरची मात्र तिखट म्हणून मिऱ्याचे नाव घेऊन नांदू लागली.

आता आपले एकादशीचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून हल्ली साबूदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेकडून आलेले! आपले जुने म्हणावे ते वरीचे तांदूळ. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून आपण परसातल्या भाज्यांची मिसळ करतो. त्यात अळू, पडवळ, शिराळे जुने; पण लाल भोपळा आणि मक्याचे कणीसही बाहेरूनच आले. यात वाईट काही नाही. परघरची मुलगी सून म्हणून आली आणि घरची झाली, तसेच हे.

वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. सुनेचे कौतुक करताना आपण माहेरवाशिणींना विसरलो. पहिला पाऊस पडला की टाकळा, शेवळे, फोडशी, कुर्डू, भारंगी, करटोली आपल्या डोंगरात न पेरता उगवतात. त्यांना आपण 'गरिबाची भाजी' म्हणून नाक मुरडतो.

युरोपातले लोक पाहा. त्यांच्याकडे वसंतात जमिनीतून अ‍ॅस्परॅगसचे कोंब येतात. रोमन काळापासून त्याची लागवड होते. जर्मनीत तर लोक त्याची वर्षभर वाट पाहतात, आणि २४ जूनला काढणी थांबवण्याची तेथे रीत आहे; कारण पुढच्या वर्षीसाठी झाडाला मुळांत साठा करू द्यायचा असतो. आपली शतावरी ही त्याची बहीणच. तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी आपल्या डोंगराळ भागात करतात. परदेशी जुडी दुकानात महाग मिळाली तरी आपण कौतुकाने घेतो, आणि रस्त्याकडेला बसलेल्या कातकरी-ठाकर बायांशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो!

या भाज्या करणे ही एक विद्याच आहे. शेवळे नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. हे कोणी पुस्तकात वाचून शिकले नाही, आईकडून लेकीकडे आले. शिवाय गावागणिक चव निराळी. कोकणातला टाकळा विदर्भात तरोटा होतो. कोकणात भाजीवर ओले खोबरे पडते, देशावर दाण्याचे कूट. मराठवाड्यात अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या असतात. जळगावकडच्या भरताच्या वांग्याची सर दुसऱ्या वांग्याला येत नाही. हा सगळा आपल्या माणसांच्या जमिनीचा आणि पावसाचा इतिहास आहे.

तो आता पुसू लागला आहे. शेतात तणनाशक मारले की टाकळा-कुर्डू आधी मरतात. डोंगर फोडून घरे झाली की शेवळांचे कंद जातात. आणि घेणारे कोणी नसले तर विकणारीची लेक ती भाजी ओळखायलाही शिकत नाही.

पण निराश होण्याचे कारण नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाणे जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सवही आता भरू लागले आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या आषाढात प्रत्येकीने निदान एक रानभाजी घरी करावी. माहितीच्या बाईकडूनच घ्यावी, कशी करायची तेही तिलाच विचारावे, आणि तिने सांगितलेला भाव द्यावा. ज्यांच्या सासूबाई किंवा आई आहेत त्यांनी त्यांच्या कृती वहीत उतरवून ठेवाव्यात. आपल्या मंडळाच्या कपाटात अशी एक वही राहिली, तर पुढच्या स्मरणिकेपेक्षाही ती आपल्या मुलींना अधिक उपयोगी पडेल.